कोणाला हलवायचं

आईच्या डाव्या कानामागे, केसांची रेघ जिथे संपते तिथे, एक डाग होता. सुपारीच्या खांडाएवढा. मधला भाग जांभळा, त्याखालची कड हिरवट आणि मानेकडे उतरताना हळदीचा हात पुसल्यासारखा पिवळा. मृणालचं तेलाचं बोट तिथेच थांबलं. कातडीखाली रक्त सांडलं की ते आधी जांभळं दिसतं, मग त्यातला लाल रंग मोडत जाऊन हिरवा होतो, मग पिवळा, हे तिला कॉलेजापासून माहीत होतं. हे रंग एकाच डागात असू शकतात. पण जांभळा इतका ताजा आणि पिवळा इतका जुना असेल, तर तो एक डाग नसतो. ते एकाच जागेवरचे दोन डाग असतात.

"हे काय आहे, आई?"

"काय?"

"कानामागे."

"कपाटाचं दार लागलं असेल," आई म्हणाली. "तू नीट लाव ना तेल. मानेवर गळतंय सगळं."

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली कपाटं सरकत्या दारांची होती. ती कोणाला लागूच शकत नव्हती. उघडणारं, कोपऱ्याला पत्रा मारलेलं दार शाजापूरच्या भाड्याच्या घरात होतं. ते तिथेच राहिलं, आईने फक्त कारण बरोबर आणलं. शाजापूरहून आगर, आगरहून मंदसौर, मंदसौरहून उज्जैन. बाबा बँकेत होते आणि दर काही वर्षांनी त्यांची बदली व्हायची. प्रत्येक गावाचा मृणालच्या डोक्यात एक आवाज होता. शाजापूरला पट्ट्याचा, जो लागण्याआधी हवेत ऐकू यायचा. आगरला भिंत पातळ होती, तिथे शेजारचा रेडिओ अचानक मोठा व्हायचा आणि त्यावरून तिला कळायचं की आपल्या घरात काय चाललंय. मंदसौरला ती कानांत बोटं घालून बसायची. कान घट्ट बंद केले की आत एक संथ घरघर ऐकू येते, ती स्वतःच्या बोटांच्या स्नायूंची असते, असं तिने पुढे कुठेतरी वाचलं. तेव्हा तिला वाटायचं की हा बाहेरचाच आवाज, भिंतीतून झिरपून आलेला. मग आवाज थांबायचा. बाबा तिच्या खोलीत यायचे, शेजारी बसायचे. श्वास अजून जोरात चाललेला, शर्टाची बाही चुरगळलेली. गणितं तपासायचे. "दशांश चिन्ह स्पष्ट दे, मनू. टिंब आहे की माशी बसलीय ते समोरच्याला कळलं पाहिजे." ती हसायची. खरंच हसू यायचं. दुसऱ्या दिवशी आई बॅग भरायची आणि देवासला दिलीपमामाकडे जायची. चार दिवस. बाबांना बँक होती, मृणालला आणि तिच्या भावाला, अभिजीतला, शाळा होती, घराला भाडं होतं. आईचं कुठे काही अडत नव्हतं, म्हणून ती जायची. तिला हलवणं सोपं होतं. परत यायची तेव्हा मामीने दिलेली पापड-कुरडई बॅगेत असायची आणि सगळे ती आवडीने खायचे.

आता बाबांना विस्मरणाचा आजार झाला होता. डॉक्टरांनी मेंदूच्या फोटोत काळ्या जागा दाखवल्या होत्या आणि म्हणाले होते की पुढे पुढे थोडा आक्रमकपणा दिसू शकतो. अभिजीतने ते वाक्य एखादं प्रमाणपत्र धरावं तसं धरून ठेवलं. आधी तो बाबांचा स्वभाव होता, आता आजार होता. मधल्या मध्ये मार हा कधीच मार नव्हता.

श्रावणातला सोमवार होता. देवाच्या पालखीच्या सवारीसाठी जुन्या शहराचे रस्ते दुपारनंतर अडवले जाणार होते आणि अभिजीत इंदूरहून दर्शनाला येऊन मग जेवायला घरी येणार होता. म्हणून आईला केस धुवायचे होते. तेल मुरेपर्यंत ती वेणी घालून स्वयंपाकघरात गेली, आणि मृणाल हात पुसून लॅपटॉपसमोर बसली.

तिचं काम साठवणीच्या एका सॉफ्टवेअरवर चाले. ज्यांना आपला डेटा मोठ्या कंपन्यांच्या हवाली करायचा नसतो, अशी विद्यापीठं, संग्रहालयं, लहान इस्पितळं ते फुकट उतरवून घेत आणि आपल्याच सर्व्हरांवर चालवत. कोड सगळ्यांना उघडा होता. जगात कुठेही बसलेला माणूस तो वाचू शकत असे, बदल सुचवू शकत असे. आजवर कुठली गोष्ट कुठल्या मशीनवर जाईल हे सॉफ्टवेअर स्वतःच ठरवे, सगळीकडे सारखं वाटून. आता ते वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं होतं. हे वेगवान डिस्कवर ठेवा, हे याच शहरात ठेवा, हे दोन संग्रह कधीही एका मशीनवर ठेवू नका. हा शेवटचा पर्याय मृणालने लिहिला होता. तशी गरज पडते. एखादा संग्रह असा असतो की दिवसभर डिस्कवर घाव घालत राहतो, लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो, आणि त्याच डिस्कवर असलेल्या लहानशा संग्रहाला कोणी हाक मारली तर त्याला उत्तर द्यायलाही फुरसत मिळत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, तो लहान संग्रहच मंद आहे.

दोघं एकत्र सापडले तर कोणाला हलवायचं, हे कोडला सांगावं लागत होतं. मृणालने लिहिलं होतं: जो हलका असेल त्याला. त्यात विचार करण्यासारखंही काही तिला वाटलं नव्हतं. जड संग्रह हलवायचा तर सगळं जाळं तुंबतं. हलका पटकन जातो.

लिस्बनमध्ये राहणाऱ्या इनेशने तिचा कोड तपासला होता. दोघी कधी भेटल्या नव्हत्या, पण कित्येक वर्षं एकमेकींच्या चुका काढत आल्या होत्या. इनेश नेहमी सुरुवातीला हवापाण्याचं काहीतरी लिहायची. या वेळी तसं काही नव्हतं. "मी हे चालवून पाहिलं," तिने लिहिलं होतं. "लहान संग्रह सारखा हलत राहतो. मोठा वाढत जातो आणि जिथे लहान गेला असेल तिथेही पोचतो, मग लहान पुन्हा हलतो. अशाच एका हलवण्यात तो मध्येच तुटला आणि अर्धा राहिला. तू वजन मोजलंस. घाव कोण घालतंय ते मोजलंच नाहीस. तो का हलत नाही?"

हे वाचल्यापासून मृणालने उत्तर दिलं नव्हतं. आताही तिने लिहायला घेतलं, जड संग्रह हलवण्याचा खर्च, लागणारा वेळ, सगळं मुद्देसूद, आणि पुसून टाकलं. तिला एकाएकी इतका राग आला की लॅपटॉपचं झाकण उलट्या दिशेने मुडपून बिजागरी तोडावी असं वाटलं. काच आधी जाईल की धातू, याचाही तिने विचार केला. तिला हा राग ओळखीचा होता. तो बोटांपासून सुरू व्हायचा, चेहऱ्यावर कधीच यायचा नाही. ऑफिसच्या कॉलवर सगळे म्हणत, मृणाल किती शांत.

बाबा दारात येऊन उभे होते. बनियन उलटी घातलेली, पण भांग सरळ.

"मॅडम, इथे सही कोणाची लागते?"

"कोणाचीच नाही, बाबा. बसा. केळं खाता?"

"साहेब आले का?"

"नाही अजून."

त्यांनी केळं घेतलं आणि सोलून अर्धं तिच्यापुढे धरलं. हे ते नेहमी करत. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला तिला कॉम्प्युटर हवा होता तेव्हा बाबांनी तो इंदूरहून आणला होता. बसच्या टपावर टाकायला ते तयार झाले नव्हते. मॉनिटरचा खोका मांडीवर घेऊन, खिडकीशी, पाय बधिर होईपर्यंत बसून आले होते, आणि घरात आल्यावर लंगडत हसले होते. ती आज जे काही होती ते त्या खोक्यातून निघालं होतं. इंदूर रोडवरचं एक ठिकाण तिने दिवाळीनंतर जाऊन पाहिलं होतं, विस्मरणाच्या रुग्णांसाठीचं, पुरुषांचा वेगळा मजला, आंघोळीच्या जागी धरायला दांड्या, आवाज न चढवणारी माणसं. तिथल्या बाईंचा अधूनमधून फोन यायचा. "दीदी, रूम रखें कि दे दें?" आणि दर वेळी तिला मांडीवरचा खोका दिसायचा. "घर में बात करके बताती हूँ," ती म्हणायची. घरात तिने कधी बात काढली नव्हती.

"गोड आहे," बाबा म्हणाले, आणि आत निघून गेले.

आधी ताटली पडल्याचा आवाज आला. तो बराच वेळ गोल गोल फिरत राहिला. ती उठली नाही. आईच्या हातून हल्ली भांडी निसटत. मग जो आवाज आला तो मोठा नव्हता. मऊ आणि भरीव, ठराविक अंतराने येणारा. मृणालच्या शरीराला तो तिच्या आधी कळला. ती धावत होती तेव्हा तिला कळलं की आपण धावतोय.

बाबांनी आईची तेलकट वेणी डाव्या मुठीला दोराने बांधल्यासारखी गुंडाळली होती आणि ते तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटत होते. घाईने नाही. देवळाबाहेर नारळ फोडणारा जसा एक आपटतो, बघतो, मग दुसऱ्यांदा आपटतो, तसं. "तिजोरीची किल्ली कुठे ठेवलीस? बोल. साहेब येतील. कुठे ठेवलीस?" आई ओरडत नव्हती. ती हलक्या आवाजात, समजूत काढल्यासारखी म्हणत होती, "अहो, गॅस चालू आहे. गॅस चालू आहे, अहो." ग्रॅनाइटवर रक्त काळं दिसत होतं. त्यात कढीपत्त्याची दोन पानं होती.

मृणालने त्यांचं मनगट धरलं. ते सुटेना. म्हातारं, वाळलेलं मनगट, आत दोन हाडं एकमेकांवर घसरताना जाणवणारी, आणि तरी त्यात ताकद अशी की जणू शाजापूरपासून एवढंच काय ते जपून ठेवलं होतं. तिने करंगळी शोधली आणि मागे वाकवली. मूठ उघडली. वेणी सुटली. आई बाजूला झाली. काम झालं होतं. पण मृणालने करंगळी सोडली नाही. ती अजून किती वाकेल हे तिला बोटाच्या मुळाशी स्पष्ट कळत होतं, कोवळी काकडी मोडण्याआधी कळतं तसं, आणि तिने वाकवली. कट् असं झालं. बाबा किंचाळले, लहान मुलासारखे, आणि खाली बसू लागले. तिने त्यांना खाली बसूही दिलं नाही, आडवं पाडलं. त्यांच्या छातीवर गुडघा ठेवला. फासळ्या आत जाताना जाणवल्या. बाबांचे डोळे तिच्याकडे पाहत होते, त्यांत भीती होती, ही भीती तिने या घरात आजवर दुसऱ्याच डोळ्यांत पाहिली होती, आणि तिला पोटातून, अगदी खालून, गरम काहीतरी वर येताना जाणवलं. तो आनंद होता. दुसरं काही नाव त्याला देता आलं नसतं. अजून, ती मनात म्हणाली. अजून थोडं.

पाठीत उलथनं बसलं. मग पुन्हा. "सोड! सोड गं मेले, मरतील ते!" आई तिला मारत होती. कपाळातून भुवईवर आणि भुवईतून पापणीत रक्त उतरत होतं, आणि आई एका डोळ्याने बघत, दात आवळून, सगळ्या जोराने मृणालला मारत होती. आयुष्यात पहिल्यांदा. मृणाल उठली. तिने गॅस बंद केला.

पुढचं सगळं सुरळीत झालं. या घरात ते नेहमीच सुरळीत होई. आईच्या कपाळावर कापूस आणि पट्टी. जखम रुंद होती, पण खोल नव्हती, उलटी नाही, चक्कर नाही, तरी डॉक्टरकडे जाऊ असं मृणाल म्हणाली तेव्हा आई म्हणाली, "आज सोमवार, सगळा रस्ता जाम. आणि सांगणार काय?" बाबांच्या करंगळीला शेजारच्या बोटाशी बांधून बर्फ. त्यांच्या मनगटावर मृणालच्या बोटांचे ठसे उमटले होते. तिने ते मोजले नाहीत, पण पाहिले. आता लाल होते. उद्या जांभळे होतील, मग हिरवे, मग पिवळे. रक्ताला कोणाचा हात ते माहीत नसतं. आईने फरशी पुसली, ताट वाढलं आणि बाबांना वरणभात भरवायला बसली.

"बोट कशानं सुजलंय हे?" बाबांनी विचारलं.

आईने घास कालवला. मृणालकडे पाहिलंही नाही. "कपाटाचं दार लागलं," ती म्हणाली. "आ करा."

मृणाल भिंतीला टेकली. आईने आता ते दार तिच्यासाठी उघडलं होतं. तिलाही आत घेतलं होतं, बाबांच्या शेजारी, आणि दार लोटून घेतलं होतं. तिथे अंधारात खूप जागा असणार. तिथे राहून रोज सकाळी कॉलवर शांत आवाजात बोलता येईल, केळं सोलून देता येईल, आणि एखाद्या दुपारी पुन्हा गुडघा ठेवता येईल; या वेळी आई मागे नसेल. हे तिला भीतीसारखं वाटलं नाही. माप घेतल्यासारखं वाटलं. काटा जिथे थांबला होता तिथे थांबला होता. या घरात बाबांना ठेवलं तर आई जिवानिशी जाईल, किंवा बाबा जातील, आणि ज्याने कोणी मारलं त्याच्यासाठी कारण तयार होतं.

अभिजीत आला तेव्हा त्याच्या कपाळावर चंदन होतं आणि हातात लाडवांचा डबा. "काय यार, काय ही गर्दी! गाडी नानाखेड्याला लावली, तिथून ई-रिक्शावाला म्हणे आगे नहीं जाएगी भैया, अर्धा रस्ता पायी. दर्शन मात्र मस्त झालं. आई, भूक…" मग त्याने पट्टी पाहिली. डबा टेबलावर ठेवला. झाकण नीट बसलंय का ते पुन्हा पाहिलं.

"पुन्हा?"

"काही नाही रे," आई म्हणाली. "तू हातपाय धू."

"काही नाही काय? आई, तू बॅग भर. चल माझ्याकडे चार दिवस. चेंज होईल तुलाही."

आई आधीच उठली होती. तिने पलंगाखालून बॅग ओढली, धूळ पदराने पुसली. साड्या, टॉवेल, जपाची माळ. तिला शोधावं लागत नव्हतं, हात आपोआप जात होते. "ह्यांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावल्यात, मनू. दुधाबरोबर पांढरी नको देऊस. आणि भांडू नकोस त्यांच्याशी."

"कुठे निघाली ही?" बाबांनी विचारलं.

"कुठे नाही हो बाबा," अभिजीत बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने म्हणाला. "माझ्याकडे. तुमची सुट्टी, मजा करा!" आणि हसला. मग हळू आवाजात, "मृणाल, चार दिवस सांभाळ. तू असतेसच घरी."

"दर वेळी आईला का नेतोस?"

"मग काय बाबांना नेऊ? सायली आहे घरात. आठवीत आहे ती, कळतंय का तुला?"

"म्हणजे तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की मुलीजवळ त्यांना ठेवता येत नाही. आईजवळ चालतात."

अभिजीतने चपलांकडे पाहिलं. "हे बघ, फालतू वकिली नको. आजारी माणूस आहे. त्यांना आता काय कळतंय?"

"आणि शाजापूरला?"

"पुरे, मनू," आई म्हणाली. तिने बॅगेची चेन ओढली. ती मध्येच अडकली, तिने पुन्हा ओढली. "त्याला कशाला बोलतेस? तो काय करणार? आणि मी कुठे कायमची चाललेय? येतेच ना परत. येतेच की दर वेळी."

बॅग दाराशी आली. तिच्यात फारसं काही नव्हतं. अभिजीतने ती एका बोटाने उचलली आणि खांद्याला लावली. खालच्या रस्त्यावरून भगवे पटके बांधलेली पोरं डमरू वाजवत सवारीकडे निघाली होती, आणि बाबा त्या आवाजाबरोबर खुर्चीच्या हातावर ताल धरत होते, बांधलेली बोटं सांभाळून. आईने वाकून त्यांच्या बनियनवरचं शीत काढलं. ती सरळ झाली तेव्हा क्षणभर भिंतीला हात लावून उभी राहिली, डोळे मिटून, आणि मग पायात चप्पल शोधू लागली.

मृणालने अभिजीतच्या खांद्यावरून बॅग काढून घेतली आणि जमिनीवर ठेवली. "अगं," तो म्हणाला. ती बाबांच्या खुर्चीसमोर खाली बसली. त्यांचे गुडघे तिच्या डोळ्यांसमोर आले, ज्यांवर तो खोका होता ते गुडघे, आणि तिने त्यांवर हात ठेवला, कारण त्यांच्याशी बोलायचं तर आता हात ठेवल्याशिवाय ते पाहत नसत. ते पाहू लागले. हसलेही. ज्यांच्याशी हे बोलायचं होतं त्यांना सोडून बाकी सगळ्यांशी ती मनात किती वर्षं बोलत आली होती. चार गावांतल्या चार घरांत हा शब्द कोणी त्यांच्या तोंडावर उच्चारला नव्हता. तो इतका साधा होता की तिला आधी तो तोंडात फिरवून पाहावा लागला.

"बाबा, तुम्ही आईला मारता," मृणाल म्हणाली. "आज मी तुम्हाला मारलं. आई कुठेही जाणार नाही, ती तिच्या घरी राहील. तुमच्यासाठी मी इंदूर रोडवर जागा पाहिलीय. घरातून तुम्ही जायचं, बाबा. आज."